कव्हरेजचा बॅज हिरवागार, आणि 'मराठी'चं झालं 'मर'

सायकिट-लर्न ही पायथनची लायब्ररी मशीन लर्निंग शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी इन्स्टॉल केलेली असतेच. तिच्यात काउंट व्हेक्टरायझर नावाचा एक क्लास आहे, वाक्य दिलं की त्याचे शब्द सुटे करायचे आणि कुठला किती वेळा आला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. कुठलीही सेटिंग न बदलता त्याला 'मराठी' हा शब्द द्या. परत येतं 'मर'. 'मुंबई' दिलं तर 'बई' येतं, 'सांगली'चं 'गल', 'जळगाव'चं 'जळग', अमरावतीचे तर दोन तुकडे, 'अमर' आणि 'वत'. पुणे, ठाणे, नाशिक, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, धुळे, लातूर ही गावं नकाशावरूनच गायब, त्यांच्यातून एकही शब्द निघत नाही. 'नगर' तेवढं धडधाकट बाहेर येतं कारण त्याला काना नाही, मात्रा नाही, काहीच नाही.

भानगड अशी आहे की शब्द म्हणजे काय हे ठरवायला तिथे एक छोटा रेगेक्स, म्हणजे मजकुरात काय शोधायचं त्याचा साचा, आहे, 'दोन किंवा जास्त शब्द-अक्षरं सलग' असा. आणि पायथनच्या स्टँडर्ड रेगेक्सच्या मते शब्द-अक्षर म्हणजे वर्ण, अंक आणि अंडरस्कोर. आपला काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, भाषेत 'चिन्हं' आहेत, वर्ण नाहीत, त्यामुळे ती आली की शब्द तिथे तुटला. मग 'पुणे'मध्ये उरतात एकेकटे 'प' आणि 'ण', आणि नियम दोन अक्षरांचा असल्यामुळे दोघेही बाद. पायथनच्या बग ट्रॅकरवर ही तक्रार २००७ सालापासून नोंदलेली आहे, देवनागरीचं नाव घेऊनच नोंदलेली आहे.

आता मुद्दा. ही लायब्ररी टेस्टिंगच्या, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा वेगळा कोड लिहायच्या, बाबतीत गचाळ नाही, उलट चांगल्यातली आहे. तो रेगेक्स ज्या ओळीत वापरला जातो ती ओळ त्यांच्या टेस्ट चालतात तेव्हा दर वेळी चालते, शेकडो वेळा चालते. टेस्टमध्ये कुठल्या ओळी चालल्या हे दाखवणाऱ्या कव्हरेज रिपोर्टमध्ये ती हिरवी, न चाललेली ओळ लाल. म्हणजे कव्हरेज मोजणाऱ्या टूलच्या दृष्टीने या ओळीचं काम तमाम झालेलं आहे, इथे आता कोणी लक्ष घालायची गरज नाही.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोणीही वाचून सुधारू शकतो अशा मुक्त कोडच्या जगात, नवीन आलेल्या माणसाला जी कामं सुचवली जातात त्यात 'टेस्ट कव्हरेज वाढवा' हे ठरलेलं असतं. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर टक्क्यांचा बॅज, पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती, टाकली की बॉट येऊन सांगणार की तुमच्यामुळे कव्हरेज शून्य पॉइंट शून्य तीन टक्के कमी झालं, मग आपण ते वाढवायला कुठेतरी एक टेस्ट चिकटवणार. याला माझा विरोध नाही, जिथे टेस्टच नाहीत तिथे कुठून तरी सुरुवात झाली पाहिजे. पण माझं म्हणणं असं आहे की मराठी माणसाने ओपन सोर्सला टेस्ट द्यायच्या असतील तर लाल ओळी शोधत बसू नये, हिरव्या ओळींवर आपली भाषा सोडून बघावी. आणि पुढे जाऊन म्हणतो की सॉफ्टवेअरमध्ये मराठी यावी म्हणून आपण जी मेहनत करतो, मेनू भाषांतरित करणं वगैरे, त्यातली निम्मी मेहनत तरी टेस्ट लिहिण्याकडे वळवली पाहिजे.

कव्हरेज नक्की काय मोजतं ते एकदा नीट बघू. टेस्ट चालताना कुठल्या ओळींवरून प्रोग्राम गेला, बास. गेला म्हणजे बरोबर उत्तर घेऊन आला असं नाही, टेस्टमध्ये एकही असर्ट, म्हणजे उत्तर ताडून बघणारी ओळ, नसला तरी ओळ हिरवी होते. ब्रँच कव्हरेज जरा बरं, इफच्या, म्हणजे अटीच्या, दोन्ही फांद्या चालल्या का बघतं. पण दोन्हीत एक मोठी खोट आहे, जे लिहिलंच नाही ते दोघांनाही दिसत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपन-एसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा बग उघडकीला आला, अर्ध्या जगाचे पासवर्ड बदलायची वेळ आली, तो बग काय होता? समोरच्याने सांगितलेली लांबी आणि त्याने खरंच पाठवलेला डेटा जुळतो का हे तपासणारी ओळच नव्हती. नसलेली ओळ लाल कशी दिसणार? आपल्या काना-मात्रांचं अगदी तसंच आहे. मात्रा सांभाळणारा कोडच नाहीये, म्हणून रिपोर्टमध्ये तो न तपासलेला म्हणून येतही नाही.

कोणी म्हणेल की मग कव्हरेज अजून कडक करा. ते करून झालंय. एसक्यूलाइट घ्या, तुमच्या फोनमध्ये आत्ता तो डेटाबेस डझनावारी ठिकाणी असेल. साधारण दीड लाख ओळींचा कोड आणि त्याला टेस्टचा कोड सव्वानऊ कोटी ओळींच्या घरात, म्हणजे ५९० पट, हे त्यांचेच आकडे. विमानाच्या सॉफ्टवेअरला लागतं त्या दर्जाचं कव्हरेज, म्हणजे प्रत्येक अटीतला प्रत्येक तुकडा निकाल बदलू शकतो हे दाखवायचं, तेही त्यांनी शंभर टक्के गाठलेलं. आणि तरी २०१५ साली एएफएल नावाचा फझर, म्हणजे वेडंवाकडं इनपुट तयार करून मारा करणारं टूल, त्याच्यावर सोडला तर अर्ध्या तासाच्या खटपटीत २२ बग निघाले. एसक्यूलाइटवाल्यांनी यातून जे लिहून ठेवलंय ते मला फार आवडतं, की शंभर टक्क्यांच्या मागे लागलं की 'हे कधी होणारच नाही पण झालं तर' असा बचावाचा कोड लिहायला माणूस कचरतो, कारण ती फांदी टेस्टमध्ये चालवून दाखवता येत नाही आणि टक्का घसरतो. म्हणजे टक्का आणि मजबुती एका जागी एकमेकांच्या आड येतात. त्यांनी त्यावर तोडगाही काढला, पण तो इथला विषय नाही. सांगायचं एवढंच की ओळींचा हिशोब पूर्ण झाला तरी इनपुटचा हिशोब बाकी राहतो. आणि मराठी हे त्या न मोजलेल्या इनपुटमधलं एक आहे, फझरच्या कचऱ्यासारखं वेडंवाकडं नाही, कोट्यवधी लोक रोज टाइप करतात असं.

दुसरं उदाहरण जँगोचं, म्हणजे वेबसाइट बनवायच्या पायथनच्या चौकटीचं. वेबसाइट करणाऱ्यांना स्लगिफाय माहीत असेल, लेखाच्या मथळ्यापासून यूआरएलचा शेपटीचा भाग बनवणारं फंक्शन. साधं वापरलं तर देवनागरी मथळ्यातून रिकामी स्ट्रिंग येते. म्हणून १.९ आवृत्तीत, २०१५ साली, युनिकोड चालू द्यायचा पर्याय आला. तो चालू करून 'पेणचं पाणी पुण्याला' हा मथळा देऊन बघा. स्लग येतो 'पणच-पण-पणयल'. तोच रेगेक्सचा घोळ, फक्त इथे शब्द तुटत नाही, मात्रा गळून पडतात आणि उरलेली अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेण, पाणी आणि पुणे तिघांचाही स्लग 'पण'. जिल्ह्यांच्या नावावर स्लग ठेवणारी साइट असेल तर ठाण्याचं 'ठण' होणार. या फंक्शनला टेस्ट आहेत बरं का, आणि त्यात तुर्की शब्द आहेत, चिनी आहेत. तुर्कीत आय अक्षराचा टिंबाचा लोच्या असतो, तो कोणीतरी स्वतः भोगला असणार आणि टेस्ट टाकली असणार, म्हणून आज इस्तंबूल नीट येतं. चिनी अक्षरांना मात्रा नसतात म्हणून ती आपोआप पास होतात. आणि त्या टेस्ट बघून कोणालाही प्रामाणिकपणे वाटेल की चला, युनिकोड तपासून झालं. मला ही जागा महत्त्वाची वाटते कारण इथे आळस नाहीये, दुर्लक्ष नाहीये, 'परदेशी भाषा' म्हणून जे डोळ्यासमोर आलं ते त्यांनी टाकलं. आपण डोळ्यासमोर नव्हतो, कारण आपण गेलोच नाही.

ब्राउझरमध्ये अजून एक. जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेला, मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) सांगून १२३४५६ हा आकडा छापायला लावा, तो अगदी व्यवस्थित '१,२३,४५६' असा देवनागरीत देतो, स्वल्पविरामसुद्धा लाखाच्या जागी. छान वाटतं. आता तोच मजकूर, स्वल्पविराम काढून, परत आकड्यात बदलायला सांगा. उत्तर येतं 'हा आकडा नाही'. गंमत म्हणजे पायथन देवनागरी अंक बिनतक्रार आकड्यात बदलून देतो. म्हणजे एका भाषेत दाखवायचं येतं पण वाचायचं नाही, दुसरीत वाचता येतं. ज्या फॉर्ममध्ये किंमत मराठीत दाखवून युजरला तिथेच दुरुस्त करू देतात तो फॉर्म सेव्हचं बटण दाबल्यावर फसणार हे उघड आहे, आणि इंग्रजी लोकेलमध्ये चालवलेल्या टेस्टना ते कधीच कळणार नाही.

हे झालं ढोबळ. खास मराठी म्हणावं असं म्हणजे आपला ऱ्य. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. शाळेत शिकलेली ही जोडी टेस्ट म्हणून इतकी सुंदर आहे की सॉफ्टवेअरवाल्यांनी मुद्दाम बनवली असती तरी याहून चांगली झाली नसती. हा ऱ्य टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. आतून वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, त्यांना एक करत नाही, म्हणून एका पद्धतीने 'दऱ्या' शोधलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या सापडत नाहीत. आणि खरी मजा पुढे आहे. पुष्कळ प्रोजेक्टमध्ये युजरने दिलेला मजकूर 'साफ' करणारं एक फंक्शन असतं, सिक्युरिटीच्या चांगल्या हेतूने लिहिलेलं, अदृश्य कॅरेक्टर दिसलं की काढून टाकायचं. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला मजकूर त्यातून गेला की दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्वयंपाक्यांना दिलेली सूचना थेट गुरुजनांना जाते. फंक्शनला टेस्ट असतेच, अदृश्य कॅरेक्टर निघालं का याची, आणि ती पास होते. ते कॅरेक्टर कधी कधी अर्थाचं असतं हे त्या टेस्ट लिहिणाऱ्याला कोण सांगणार?

बंद कोडवाले यात शहाणे आहेत असंही नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूमधला एक 'ज्ञा' मेसेजमध्ये आला की आयफोनची ॲप्स धडाधड बंद पडायची, ॲपलला त्यासाठी वेगळं अपडेट काढावं लागलं. फरक इतकाच की तिथे आपण काही करू शकत नाही, ते कधी दुरुस्त करतील याची वाट बघायची. ओपन सोर्समध्ये दार उघडं आहे.

आणि कोणी त्या दारातून गेलं की काय होतं याचा नमुनाही आहे. हार्फबझ. तुम्ही हे जे वाचताय ते क्रोम, फायरफॉक्स किंवा अँड्रॉइडवर वाचत असाल तर जोडाक्षरं जुळवायचं, रफार वर चढवायचं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवायचं काम बहुतेक हार्फबझने केलेलं आहे. २०१२ च्या आसपास त्याचा भारतीय लिप्यांचा भाग नव्याने लिहिला जात होता तेव्हा त्यांनी कव्हरेजचा टक्का धरून बसण्याऐवजी देवनागरीतले सात लाखांहून जास्त शब्द घेतले, मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबकडून, म्हणजे विंडोजमध्ये हेच काम करणाऱ्या भागाकडून, ते कसे मांडले जातात ते बघितलं, आणि आपलं उत्तर त्याच्याशी ताडून बघितलं. प्रत्येक बदलानंतर किती शब्द चुकतात तो आकडा कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या नोंदीत, लिहायचे, आणि देवनागरीचा तो आकडा शंभराच्या आत आणला, सात लाखांमध्ये. कोडच्या ओळी किती चालल्या यापेक्षा खऱ्या भाषेतले किती शब्द बरोबर आले हे मोजलं, हा फरक आहे. पुण्याच्या रेड हॅटमध्ये लोहित फॉन्टवर काम करणाऱ्या मंडळींनी भारतीय लिप्यांसाठी जमवलेल्या टेस्ट केसेसही हार्फबझच्या टेस्टमध्ये गेलेल्या आहेत. कुठेही गाजावाजा झाला नाही, पण महाराष्ट्रात बसून केलेलं ते काम आज फोनाफोनात आहे. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढायचा असतो हे फॉन्टला भाषेच्या टॅगवरून कळतं, तेही अशाच कोणीतरी आग्रह धरल्यामुळे.

आता भाषांतराबद्दल बोलतो, आणि इथे काही मित्र रागावतील. फायरफॉक्स, लिबरऑफिस, केडीई, गनोम यांचे मेनू मराठीत करायला लोकांनी रात्री जागवल्यात, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण आपल्यापैकी किती जण ते मेनू मराठीत लावून वापरतो? मी आजूबाजूला विचारलं की माणसं हसतात. 'फाइल' इंग्रजीत असली तरी कोणाचं अडत नाही. अडतं कुठे, तर त्याच फाइलमध्ये मराठी लिहिल्यावर शोध लागत नाही, यादी लावली की ळ हा ह च्या नंतर यायच्या ऐवजी ल च्या शेजारी जाऊन बसतो, पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या उड्या मारतात. मेनू मराठी आणि आतला मजकूर मोडका, अशी अवस्था आहे. शिवाय भाषांतर दर आवृत्तीला जुनं होतं, परत नव्या शंभर ओळी येतात आणि स्वयंसेवक थकले की अर्धा मेनू मराठी अर्धा इंग्रजी. टेस्ट एकदा आत गेली की ती दर बदलाला चालत राहते, तुम्ही प्रोजेक्ट सोडून गेलात तरी. उद्या कोणी फिनलंडमध्ये बसून तो रेगेक्स बदलला आणि मराठी मोडली तर त्याला तिथल्या तिथे लाल खूण दिसणार, त्याला मराठीचं अक्षर येत नसलं तरी.

समोरची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, म्हणतात की जगात हजारो भाषा, प्रत्येकीची टेस्ट घेतली तर सीआय, म्हणजे दर बदलाला सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा, तासभर चालेल. याला उत्तर सोपं आहे, हजारो भाषांच्या टेस्ट नकोत, लिप्यांच्या वागण्याचे प्रकार मोजके आहेत, आणि देवनागरीचे पाच-सहा शब्द नीट निवडले तर मात्रा असलेल्या बऱ्याच लिप्यांचा प्रश्न त्यात येऊन जातो, तमिळ, बंगाली, कन्नडसुद्धा. पाच शब्दांची टेस्ट मिलिसेकंदात चालते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मेंटेनरला देवनागरी वाचता येत नाही, मग अपेक्षित उत्तर बरोबर आहे की नाही हे तो कसं ठरवणार? आपण पाठवलेला शब्द त्याच्या दृष्टीने नुसत्या रेघोट्या. म्हणून टेस्टबरोबर इंग्रजीत दोन ओळींची कॉमेंट पाहिजे, कुठलं चिन्ह कुठल्या युनिकोड क्रमांकाचं, ते गेलं तर शब्दाचा अर्थ काय बदलतो. आणि अशा पुल रिक्वेस्टवर दुसऱ्या मराठी माणसाने येऊन 'हो, बरोबर आहे' म्हणायला हवं. इथे आपण फार कमी पडतो. एकट्याने इश्यू, म्हणजे तक्रार, टाकायचा, दोन वर्षं उत्तर नाही, मग 'त्यांना आपल्या भाषेची पडलेली नाही' म्हणून चहा घेत बसायचं.

आणि तिसरा आक्षेप, ज्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, तो म्हणजे जुन्या लोकांचं काय. समजा उद्या जँगोने स्लगिफाय दुरुस्त केलं. ज्या साइटवर आज 'पणच-पण-पणयल' असा स्लग डेटाबेसमध्ये बसलाय, आणि ती लिंक लोकांनी व्हॉट्सॲपवर फिरवलीये, तिथे नव्याने स्लग काढला की लिंक तुटणार. पायथनचा रेगेक्स बदलला तर जगभरात लाखो ठिकाणी कोणाचा तरी फॉर्म, कोणाचा तरी युजरनेमचा नियम बदलणार. २००७ ची तक्रार इतकी वर्षं लोंबकळतेय त्यामागे नुसती बेफिकिरी नाही, ही भीती आहे, आणि ती रास्त आहे. रेगेक्स नावाचं जे वेगळं मॉड्यूल आहे ते मात्रांना शब्दाचाच भाग मानतं, म्हणजे बरोबर करणं अशक्य नाही, पण स्टँडर्डमध्ये बदलणं वेगळी गोष्ट. इथेही टेस्टचाच उपयोग होतो असं मला वाटतं. पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलमध्ये एक्सफेल म्हणून खूण आहे, 'ही टेस्ट सध्या नापास होणार हे आम्हाला माहीत आहे'. 'मराठी' दिलं की 'मराठी' परत आलं पाहिजे अशी टेस्ट लिहा, तिला एक्सफेल लावा, दुरुस्ती मागू नका. मेंटेनरला काही बदलावं लागत नाही, कोणाची लिंक तुटत नाही, सीआय हिरवाच राहतो. पण हे बरोबर नाहीये ही गोष्ट कोडच्या शेजारी, कोडच्याच भाषेत लिहिली जाते. पुढच्या मोठ्या आवृत्तीत जेव्हा काहीतरी मोडायचंच ठरतं तेव्हा ती यादी समोर असते. आणि चुकून कोणाच्या बदलाने ती पास व्हायला लागली तर, कडक मोड लावला असेल तर, तेही कळतं.

हे आत्ताच का म्हणतोय, तर एआय. हल्ली 'या फाइलचं कव्हरेज नव्वद टक्क्यांवर ने' म्हटलं की दोन मिनिटांत चाळीस टेस्ट हजर. मॉडेल काय करतं, कोड वाचतं किंवा चालवतं, आणि जे उत्तर येतं तेच अपेक्षित म्हणून लिहून टाकतं. म्हणजे स्लगिफायला 'ठाणे' दिलं तर 'ठण' आलं पाहिजे अशी टेस्ट. पास होणार, कव्हरेज वाढणार, बॅज हिरवा. आणि ज्या दिवशी कोणी भलं माणूस मात्रा दुरुस्त करेल त्या दिवशी ही टेस्ट लाल होऊन सांगेल की तू काहीतरी मोडलंस! 'ठण' चूक आहे हे ओळखायला ठाणे माहीत असलेला माणूस रिव्ह्यूला लागतो, आणि बऱ्याच प्रोजेक्टमध्ये तो नसतो. आतापर्यंत मराठीची टेस्ट नव्हती एवढंच होतं, आता चुकीची टेस्ट येऊन बसायची भीती आहे, आणि ती काढणं जास्त अवघड.

कॉलेजवाल्यांना हे सांगायला पाहिजे खास करून. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या उपक्रमात, टी-शर्टसाठी जगभरच्या मेंटेनरच्या डोक्यावर फालतू पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला, रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, एक विशेषण वाढवलेल्या, आणि त्यात आपल्या देशातली पोरं बरीच होती, नाव खराब झालं ते झालंच, आयोजकांना भर महिन्यात नियम बदलावे लागले. आज त्याच जागी असर्ट नसलेल्या टेस्ट येतायत, टक्का वाढवायला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मराठी बातम्यांचं वर्गीकरण, मराठी कॉमेंटचं सेंटिमेंट ॲनालिसिस असे प्रोजेक्ट असतात, अचूकता कमी येते आणि रिपोर्टच्या शेवटी ठरलेलं वाक्य, 'मराठी डेटाच्या कमतरतेमुळे'. अरे, डेटा होता, तुमच्या व्हेक्टरायझरने ठाणे आणि धुळे दोन्ही आधीच फेकून दिले होते. शब्दांची यादी एकदा छापून बघितली असती तर कळलं असतं. त्या पोरांनी टोकन पॅटर्न, म्हणजे शब्द ठरवणारा तोच रेगेक्स, बदलून स्वतःचं काम तर करावंच, पण तो शोध आणि त्याची टेस्ट मूळ प्रोजेक्टला पाठवली आणि गाइडने त्याला मार्क दिले तर मला तो प्रोजेक्ट अठ्ठ्याऐंशी टक्के अचूकतेच्या तक्त्यापेक्षा जास्त मोलाचा वाटेल.

सरकारबद्दल थोडं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याबरोबर केंद्रे, संमेलनं, ग्रंथ यांच्या योजना येतील, येऊ देत. त्या पैशाचा एक छोटा तुकडा कोणाच्याही परवानगीशिवाय वापरता येईल अशा टेस्ट डेटावर खर्च करायला हरकत नसावी. त्यात काय पाहिजे? अकारविल्हे लावलेली हजारभर शब्दांची यादी, ळ, क्ष, ज्ञ आपल्या जागी असलेली. ऱ्य च्या दोन्ही पद्धतींनी लिहिलेले शब्द आणि त्यांच्या र्य च्या जोड्या. लाख-कोटीत मांडलेल्या रकमा, आकड्यात आणि अक्षरात. तारखा. 'क्षि' किंवा 'र्त्स्न्या'सारख्या जागी मजकूर कापायचा झाला तर कुठे कापायचा. हे ठरवायला भाषेची माणसं लागतात, सरकारने २००९ मध्ये वर्णमालेचा जीआर काढला तेव्हा ती माणसं होतीच. फक्त तो जीआर पीडीएफमध्ये राहतो, प्रोग्रामला तो वाचता येत नाही. तेच नियम साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, इनपुट एका रकान्यात आणि अपेक्षित उत्तर दुसऱ्या, गिटवर, मुक्त लायसन्सखाली टाकले की कुठल्याही देशातला मेंटेनर ती फाइल उचलून आपल्या टेस्टमध्ये लावू शकतो, त्याला मराठी येण्याची गरज नाही. त्यासाठी नवीन पोर्टल नको, ॲप नको, लॉगिन तर अजिबात नको.